अंतर्लसिका: आईला कळेल असा शब्द हवा

आजोळ: मेनिएर विकाराच्या, म्हणजे घर फिरल्यासारखं वाटायला लावणाऱ्या कानाच्या आजाराच्या, एमआरआयचं माहितीपत्रक मराठीत करतेय. कानाच्या अगदी आत दोन द्रव असतात, नळीत नळी असावी तसे. आतल्याला ‘अंतर्लसिका’, बाहेरच्याला ‘परिलसिका’ लिहिलं. शिरेतून गॅडोलिनियम (चित्रात उजळणारं औषध) देतात, चारेक तास थांबवतात, मग चित्र काढतात. बाहेरचा द्रव पांढरा उजळतो, आतला काळाच राहतो. तो काळा भाग फुगलेला दिसला की निदानाला आधार मिळतो. माझ्या आईला हाच आजार आहे. तिला वाचून दाखवलं तर घाबरली. "म्हणजे माझ्या कानात लस झालीय?"

खारवी: आईंचं बरोबर आहे. जखमेतून येते ती लस. कान फुटला की आमच्याकडे ‘लस वाहतेय’ म्हणतात. सरळ ‘आतलं पाणी, बाहेरचं पाणी’ लिहा.

तत्सम: पाणी नको! अंघोळीचं पाणी गेलं असं समजून कुणीतरी कानात कोमट तेल घालेल. लसिका हा पारिभाषिक शब्द आहे, वापरला तरच रुजेल.

घाटावरचा: रुजवायचा कशाला? ऑडिओलॉजी (श्रवणशास्त्र) शिकलोय म्हणून सांगतो, लसिका म्हणजे लिम्फ, आणि हे लिम्फ नव्हेच. आतल्या द्रवात पोटॅशियम भरपूर, बाहेरच्यात सोडियम. ‘अंतर्द्रव, परिद्रव’ म्हणा. आतला फुगवटा १९३८ साली लंडन आणि ओसाकाच्या डॉक्टरांनी मृतांच्या कानांत पाहून नोंदवला. जिवंत रुग्णाच्या चित्रात तो दाखवला नागोयाच्या डॉक्टरांनी, २००७ साली. शब्दही तेवढाच नेमका हवा.

तत्सम: संस्कृत ‘लस्’ म्हणजे चमकणे. लसिका त्यावरूनच आली असावी, ही माझी अटकळ. मग चित्रात चमकते तिला तरी परिलसिका राहू द्या.

खारवी: लॅटिन ‘लिम्फा’ म्हणजे स्वच्छ पाणी. मुळातच पाणी आहे की!

आजोळ: पत्रकात पुढे ‘भोवळ’ लिहिलंय. आई म्हणते, भोवळ येऊन माणूस पडतो, मला घर फिरतं. झटका आला की ती पलंगाची कड धरते आणि कपाटाच्या कडीवर नजर रोखून बसते. कडीसुद्धा सरकत राहते, म्हणते.

घाटावरचा: मग ‘चक्कर’ लिहा.

खारवी: चक्कर उपाशीपोटीही येते. ‘गरगरणं’ लिहा.

तत्सम: ‘घेरी’ असताना गरगरणं कशाला?

खारवी: घेरीत डोळ्यांपुढे अंधारी येते. त्यांना तर सगळं स्वच्छ दिसतंय, फक्त थांबत नाही.

आजोळ: लसिकेचं काय करू? पत्रक सोमवारी द्यायचंय.