मदत हवी आहे: नोकरी बाझेलला, घर सीमेपलीकडे. कर आणि आरोग्य विम्याचं काय करू?

राइनकाठ
मंडळी, घाईत आहे, थेट मुद्द्यावर येतो. स्वित्झर्लंडमध्ये बाझेलला नवीन नोकरी लागली, रुजूही झालो. पहिल्याच पगारपत्रकात 'क्वेलेनश्टॉयर' (पगारातून थेट कापला जाणारा कर) म्हणून भलीमोठी रक्कम कापली आहे. एचआरवाली म्हणते, "तो फॉर्म आणून द्या, मग साडेचार टक्केच कापू." कुठला फॉर्म ते तिलाही धड सांगता येत नाही. शिवाय इकडे कर वेगळा भरावा लागणार म्हणे. म्हणजे एकाच पगारावर दोनदा?
दुसरं, कॅन्टनचं (स्विस राज्याचं) पत्र आलंय. विमा कुठल्या देशाचा घेणार ते मुदतीत कळवा, नाहीतर स्विस विमा लागू होईल. कुठला घेऊ? स्वस्त कुठला पडतो?
'कर सल्लागार गाठा' असं कृपया सांगू नका. गाठला आहे, त्याला दोन महिने वेळ नाही.

सोनचाफा_६८
अभिनंदन! सोपं आहे. बाझेल-श्टाट फ्रान्स-स्वित्झर्लंडच्या १९८३च्या करारातल्या आठ कॅन्टनांपैकी एक आहे. फ्रान्समधला रहिवासाचा दाखला एचआरला द्या, स्वित्झर्लंड काहीच कापणार नाही, सगळा कर फ्रान्सला. आम्ही सां-लुईला राहतो, ट्रामने कामावर. इकडे घरंही बरी मिळतात, हवं असेल तर व्यक्तिगत निरोप करा.

राइनकाठ
फ्रान्सचा उल्लेख मी कुठे केला? साडेचार टक्के म्हटल्यावर जर्मनी हे उघड आहे.

सोनचाफा_६८
उघड कसं असेल? साडेचार टक्के आमच्या करारातही आहेत. फक्त ते फ्रान्स सरकार स्वित्झर्लंडला देतं, आमच्या पगारातून जात नाहीत. शीर्षकात 'सीमेपलीकडे' लिहिलंत, बाझेलला दोन सीमा आहेत.

अण्णा_बोडेनझे
वाद नको. राइनकाठ, एवढं सांगा म्हणजे उत्तर देता येईल:
राहता कुठल्या गावात? पासपोर्ट कुठला? रुजू कधी झालात? लग्न, मुलं? बायको नोकरी करते का? आधी जर्मनीच्या पब्लिक आरोग्य विम्यात होतात की प्रायव्हेट? घरून काम किती? आणि रोज घरी परतता का?

राइनकाठ
फ्रायबुर्ग. रुजू मागच्या महिन्यात. विवाहित, एक मुलगी. विमा पब्लिक होता. बाकीच्याचा कराशी काय संबंध?

अण्णा_बोडेनझे
बाकीच्यावरच तर सगळं आहे. असो, करापासून सुरू करतो.
जर्मनी-स्वित्झर्लंड करारात सीमा ओलांडून रोज कामाला जाणाऱ्यांसाठी १५अ हे वेगळं कलम आहे. तुम्ही त्यात बसलात तर कर जर्मनीला. स्वित्झर्लंड ढोबळ पगारावर जास्तीत जास्त ४.५ टक्के कापू शकतं आणि ते तुमच्या जर्मन करातून वजा होतात. त्यामुळे दोनदा कर लागत नाही, पण एकूण भार जर्मन दराचाच राहतो. 'स्वित्झर्लंडमध्ये कर कमी' हे ऐकून आला असाल तर ते डोक्यातून काढा.
फॉर्मचं नाव ग्रे-१. रहिवासाचा दाखला आहे तो. तुम्ही भरायचा, फ्रायबुर्गच्या फिनान्झाम्टकडून (जर्मन कर कार्यालयाकडून) शिक्का मारून घ्यायचा, एचआरला द्यायचा. तो नसेल तर एचआर पूर्ण दराने कापणार, त्यात तिचा दोष नाही. आधी जास्त कापलेलं तिला त्याच वर्षात दुरुस्त करून घ्यायला सांगा. नाहीच झालं तर कॅन्टनच्या करखात्याकडे पुढच्या वर्षी ३१ मार्चच्या आत अर्ज करायचा. ती तारीख गेली की विषय संपला.

भटक्या_विमुक्त
अण्णांनी छान सांगितलं, पण एक युक्ती राहिली. वर्षात ६० पेक्षा जास्त दिवस घरी परतला नाहीत की १५अ गळून पडतं, मग कर स्वित्झर्लंडचा, कमी दराचा. बाझेलला एखादी खोली बघा आणि आठवड्यातून दोन रात्री तिकडेच झोपा. माझा एक सहकारी करायचा.

राइनकाठ
हे भारी आहे! मी तसाही आठवड्यातून एक-दोन रात्री बाझेलला मित्राकडे राहतो. सकाळच्या मीटिंगा असतात. मग ग्रे-१ देऊच नको का?

अण्णा_बोडेनझे
बघा, 'रोज परतता का' हे मी उगाच विचारलं नव्हतं.
भटक्या, अर्धी गोष्ट सांगू नका. मोजतात ते फक्त *कामामुळे* न परतलेले दिवस. तेही मालकाने ग्रे-३ फॉर्मवर लिहून द्यावे लागतात. मित्राकडे सोयीसाठी काढलेली रात्र त्यात येत नाही. फ्रायबुर्ग-बाझेल रेल्वेने तासाच्या आत होतं. 'घरी परतणं शक्यच नव्हतं' हे कुठल्या तोंडाने सांगणार? कंपनीने कामासाठी लांब पाठवलं आणि हॉटेलात राहिलात, ती रात्र धरतात. तुमच्या सहकाऱ्याला फिनान्झाम्टने अजून विचारलं नसेल, एवढंच.

भटक्या_विमुक्त
तो तीन भाषा बोलतो, त्याला नियम माहीत असतील.

कडूगोड
भाषांचा आणि ग्रे-३चा संबंध कळला नाही. असो. कमी कर हवा असेल तर सरळ बाझेलला राहायला जा. इकडेही राहायचं, तिकडेही कमवायचं आणि कर दोघांनाही द्यायचा नाही, असं कसं चालेल?

राइनकाठ
मुलीचं किंडरगार्टन आणि बायकोची नोकरी फ्रायबुर्गला आहे, जाता येत नाही. धागा कर आणि विम्याचा आहे.

लक्झेंबर्गची_लेक
आमच्याकडे सोपं आहे. २०२४ पासून वर्षाला ३४ दिवस जर्मनीत बसून काम केलं तरी कर लक्झेंबर्गलाच. त्याआधी १९ दिवसच होते. विमाही तिकडचा, एस-१ फॉर्म (परदेशात विमा असल्याचा दाखला) जर्मन कासेला, म्हणजे आरोग्य विमा संस्थेला, दिला की डॉक्टर दोन्हीकडे. स्वित्झर्लंडपेक्षा आमचं बरं!

राइनकाठ
ताई, छान आहे. मी लक्झेंबर्गला नाही.

मावळतीचा_सूर्य
बायको नोकरी करते हे आत्ता कळलं, मग स्टॉयरक्लासे (कर-वर्ग) तीन-पाच करून घ्या. हातात येणारा पगार लगेच वाढेल. मी हेच सगळ्यांना सांगतो.

अण्णा_बोडेनझे
सूर्यराव, स्विस मालक जर्मन कर कापतच नाही, त्याच्या पगाराला कर-वर्ग लागणार कुठे? बायकोचा वर्ग बदलला तर तिचा मासिक हिशोब हलेल, शेवटी दोघांचं विवरण एकत्रच जातं.
खरी गंमत पुढे आहे. जर्मनीत दरमहा काहीच कापलं जात नसल्यामुळे पहिलं वर्ष पैसाच पैसा वाटतो. मग विवरण भरलं की पूर्ण वर्षाचं बिल एकदम येतं. पाठोपाठ चालू वर्षासाठी आगाऊ हप्ते लागतात: १० मार्च, १० जून, १० सप्टेंबर, १० डिसेंबर. आमच्या ओळखीतल्या एकाने त्या पैशातून गाडी घेतली होती, मग ती विकली. पगार झाल्या दिवशी करापुरती रक्कम वेगळ्या खात्यात टाका आणि ते खातं विसरा. किंवा आत्ताच फिनान्झाम्टला अंदाज कळवून हप्ते सुरू करायला सांगा, ते नाही म्हणत नाहीत.
बाडेन-वुर्टेमबर्गमध्ये विवरणाला 'आनलागे एन-ग्रे' नावाची जादा पुरवणी असते, ती भरायला विसरू नका. आणि पेन्शनकासेच्या (स्विस कंपनी-पेन्शन फंडाच्या) वर्षअखेरच्या दाखल्यावर अनिवार्य भाग आणि त्यावरचा जादा भाग वेगवेगळा लिहून मागा, कारण मालकाने जादा भागात टाकलेल्या पैशाला जर्मन कर वेगळा लागतो.

एनआरआय_मार्गदर्शक
सर्वांना नमस्कार. जर्मनी जगभरातल्या उत्पन्नावर कर घेते, तेव्हा भारतातल्या एनआरओ (अनिवासी भारतीयांच्या) ठेवींचं व्याजही दाखवा. भारत-जर्मनी करारानुसार व्याजावर भारतात कमाल १० टक्के. त्यासाठी बँकेला जर्मन रहिवासाचा कर दाखला आणि बँक मागेल तो फॉर्म द्यायचा, नाहीतर बँक ३० टक्क्यांच्या दराने कापते. एनआरई खातं आहे का तुमचं?

राइनकाठ
मी भारताचं काही विचारलेलंच नाही!!
विम्याबद्दल कोणी बोलेल का?

हळदीकुंकू
मी बोलते. दहा वर्षं जर्मनीतल्या लोर्राखहून बाझेलला जाते आहे. डोळे मिटून स्विस घ्या. स्विस विम्याचा हप्ता डोईमागे असतो, पगाराशी संबंध नाही. त्यांच्याकडून एस-१ घेऊन जर्मन कासेकडे नोंदवला की जर्मनीत इथल्यांसारखाच इलाज, आणि बाझेलच्या दवाखान्यातही जाता येतं. पब्लिकमध्ये राहिलात तर ऐच्छिक सभासद, हप्ता पगारावर, आणि मालकाचा वाटा शून्य. सगळा तुमच्या खिशातून! २०२५ साली महिन्याला ५,५१२.५० युरोपर्यंतच्या पगारावर हप्ता धरत होते, स्विस पगार त्याच्या वर जातोच. मूळ दर १४.६ टक्के, त्यावर कासेचा जादा हप्ता, त्यावर शुश्रूषा विमा. हजार युरोच्या वर गेलाच.

घरकोंबडा
ताई, एकट्याचं गणित सांगताय. पब्लिकमध्ये न कमावणारी बायको आणि मुलं त्याच हप्त्यात येतात. स्विस विम्यात मुलाचाही वेगळा हप्ता. मोठं कुटुंब असेल तर पब्लिकच.

हळदीकुंकू
यांची बायको कमावते आहे, वर वाचा. ती तिच्या नोकरीतूनच विमाधारक आहे.

घरकोंबडा
मग मुलगी आईच्या विम्यात फुकट! प्रश्नच मिटला.

अण्णा_बोडेनझे
इतक्यात नका मिटवू. बाप पब्लिकच्या बाहेर, त्याचा पगार आईपेक्षा जास्त आणि ठराविक मर्यादेच्या वर, अशा वेळी मूल आईच्या फुकट विम्यात बसत नाही. प्रायव्हेटवाल्या बापांना हा नियम चांगलाच माहीत आहे. म्हणून बायकोच्या कासेला *लेखी* विचारा: 'नवरा स्विस विम्यात गेला तर मुलीचं काय?' फोनवर जे गोड बोलतात ते कागदावर येत नाही. त्या एका पत्रावर तुमचा निर्णय फिरू शकतो.
तिसरा पर्याय जर्मन प्रायव्हेट विमा. तो स्वस्त दिसेल, तरुण आहात म्हणून. पण उद्या जर्मनीत नोकरी धरलीत आणि वय पंचावन्नच्या पुढे असलं तर पब्लिकचं दार जवळपास बंद.
आणि मुदत रुजू झाल्यापासून तीन महिन्यांची आहे. एकदाच निवडायचं, नंतर सहसा बदलता येत नाही. काहीच केलं नाहीत तर स्विस विमा लागणारच.
पासपोर्ट अजून सांगितला नाहीत.

राइनकाठ
जर्मन. मागच्या वर्षी मिळाला. बायकोचा भारतीय. त्याने काय फरक पडतो?

अण्णा_बोडेनझे
बराच. स्वित्झर्लंड आणि युरोपीय संघातला सामाजिक विम्याचा समन्वय हा मुळात दोन्हीकडच्या नागरिकांसाठी आहे. भारतीय पासपोर्टवर असतात तर मी वर विम्याबद्दल लिहिलेलं जसंच्या तसं लागू झालं नसतं, सीमेपलीकडून कामाला येण्याचा परवाना मिळवतानाही जर्मनीतला कायमचा वास्तव्य परवाना आणि सीमाभागात सहा महिन्यांचं वास्तव्य दाखवावं लागलं असतं. तुम्ही सुटलात.

गोदाकाठची_राणी
अरेरे, भारतीय पासपोर्ट परत केलात? जर्मनीने २०२४ पासून दुहेरी चालवलंय ना?

कडूगोड
जर्मनीने चालवलंय, भारताने नाही. ओसीआय (परदेशस्थ भारतीयांचं कार्ड) म्हणजे नागरिकत्व नव्हे, हे कितीदा लिहायचं.

गोदाकाठची_राणी
मी फक्त विचारलं. काही जणांना मायदेशाचं सोयरसुतक नसतं, एवढंच.

संपादक
पासपोर्टची चर्चा दुसऱ्या धाग्यावर न्या. इथले पुढचे प्रतिसाद उडवले जातील.

भटक्या_विमुक्त
घरून काम किती करता? २५ टक्क्यांच्या वर गेलात तर सामाजिक विमा जर्मनीचा होतो, मग स्विस विमा, स्विस पेन्शन सगळं गेलं!

राइनकाठ
आठवड्यात दोन दिवस घरून. म्हणजे ४० टक्के?! हे एचआरने सांगितलंच नाही.

हळदीकुंकू
घाबरवू नका हो. १ जुलै २०२३ पासून वेगळा करार आहे, जर्मनी आणि स्वित्झर्लंड दोघांनी सही केली आहे. एकूण कामाच्या ५० टक्क्यांच्या आत घरून काम असेल तर मालकाच्या देशातच राहता येतं. मात्र आपोआप नाही, एचआरने अर्ज करून ए-१ दाखला (सामाजिक विमा कुठल्या देशाचा ते सांगणारा) घ्यावा लागतो. जर्मनीत दुसरी छोटी नोकरी धरलीत तर हे गणित बिघडतं, ते लक्षात ठेवा.

सोनचाफा_६८
फ्रान्सलाही तो करार आहे. पण आमच्याकडे करासाठी ४० टक्क्यांची वेगळी मर्यादा आहे.

घरकोंबडा
मुलीचे पैसे कुठून घेणार? किंडरगेल्डचं (जर्मन बालभत्त्याचं) बघितलंत का?

राइनकाठ
ते चालू आहे इथलंच. बघायचं काय त्यात?

घरकोंबडा
बायको जर्मनीत कमावते म्हणजे आधी जर्मनी देणार, स्विस भत्ता जास्त असेल तर फरक स्वित्झर्लंड देणार. २०२५ मध्ये जर्मनी २५५ युरो आणि स्विस किमान २१५ फ्रँक. किमान धरलं तर फरक निघणार नाही, पण कॅन्टन जास्त देऊ शकतो, विचारून ठेवा. बायकोने नोकरी सोडली तर क्रम उलटा होतो. नोकरी बदलली हे फामिलिएनकासेला (बालभत्ता देणाऱ्या कार्यालयाला) कळवलंत ना? नंतर ते वसुली काढतात.

राइनकाठ
नाही कळवलं. कळवतो.
आज ग्रे-१ फिनान्झाम्टात देऊन आलो. बायकोच्या कासेला ईमेल केली, 'लेखी उत्तर हवं' असं ठळक लिहून. एचआरला ए-१ विचारला तर म्हणाली, "तुम्ही घरून काम करता हे आमच्या नोंदीतच नाही." साहेबांनी तोंडी परवानगी दिली होती.

अण्णा_बोडेनझे
मग आधी ते नोकरीच्या करारात लेखी घ्या. टक्केवारीसकट. त्यावरच ए-१चा अर्ज उभा राहतो. आणि मित्राकडच्या रात्री कमी करा. दोन देशांच्या कर-करारात 'नियमित परतणं' हा शब्द आहे, त्यावर फिनान्झाम्टशी वाद घालायची वेळ येऊ नये. कासेचं उत्तर आलं की इथे डकवा, नाव-नंबर खोडून.

हळदीकुंकू
उत्तर काहीही येवो, मी सांगते, स्विस घ्या.