इंडियन ग्रांप्री गेली ती फक्त करामुळे?

हिशेबनीस
ग्रेटर नोएडाला व्हायची ती फॉर्म्युला वन कारशर्यत, म्हणजे इंडियन ग्रांप्री. तिच्याबद्दल काल इथे एकाने लिहिलं, "बाबूंनी कर लावून लावून आपली ग्रांप्री मारली, नाहीतर आज आपण सिंगापूरच्या पंगतीला असतो." खाली नुसती वाहवा. कर नडला, मान्य. पण मुळात व्यवहारच आतबट्ट्याचा होता. एका शर्यतीचे ४ कोटी डॉलर फॉर्म्युला वनला मोजायचे. वर प्रक्षेपण त्यांचं, ट्रॅकवरच्या जाहिराती त्यांच्या. शर्यत भरवणाऱ्या जेपी या बिल्डर समूहाच्या हाती उरली मुख्यतः तिकीटविक्री, आणि २०११चे ९५,००० प्रेक्षक पुढच्याच वर्षी ६५,००० वर आले. सिंगापुरात खर्चाचा मोठा वाटा सरकार उचलतं. इथे सगळी भिस्त बिल्डरवर होती. तो कर्जात बुडाला आणि पाच वर्षांच्या करारात तीनच शर्यती झाल्या.

पिटवॉल
तुम्ही स्टँडमध्ये होतात का? मी होतो, २०११ला आणि २०१३लाही. आपला ड्रायव्हर नारायण कार्तिकेयन सतरावा आला तरी लोक उभे राहून ओरडत होते. २०१३ला जर्मन ड्रायव्हर वेटेलने चौथं जगज्जेतेपद पक्कं केलं आणि प्रेक्षकांसमोर गाडी गरगर फिरवली. त्याबद्दल दंड झाला, पण तो आवाज अजून कानात आहे. आणि सरकार म्हणालं, हा खेळ नाही, करमणूक आहे! मग करमणूक कर आला, सीमाशुल्काची कटकट आली. परदेशी संघ कशाला सोसतील हे? क्रिकेटला असं कधी विचारलं?

बांधावरचा
कर, तिकिटं, डॉलर. जमीन कुणाची होती, ते एकानेही लिहिलं नाही. पहिल्या शर्यतीच्या पाच-सहा महिने आधी, मे २०११ मध्ये, त्याच पट्ट्यात भट्टा-परसौलला भूसंपादनावरून गोळीबार झाला. शेतकरी मेले, पोलीसही मेले. आमची जमीन औद्योगिक वसाहतीसाठी गेली. वाढीव मोबदल्याचा खटला वडिलांच्या हयातीत संपला नाही, तिथे आज नुसतं तारेचं कुंपण आहे. त्यामुळे "देशाची शान" म्हटलं की मला राग येतो.

पिटवॉल
भट्टा-परसौलची जमीन ट्रॅकची नव्हती. मृत माणसांना वादात ओढू नका.

बांधावरचा
ट्रॅकची नव्हती, पण कायदा तोच होता, १८९४चा. ट्रॅक सव्वापाच किलोमीटरही नाही, मग जेपीला ट्रॅकभोवतीच्या क्रीडानगरीच्या नावाने १,००० हेक्टर कशाला? घरं विकायला. थकबाकीपोटी २०२०मध्ये यमुना एक्सप्रेसवे विकास प्राधिकरणानेच ते वाटप रद्द केलं. तुमच्या कानात इंजिनाचा आवाज आहे, माझ्या कानात कोर्टाची "पुढची तारीख". ओढतोय मी? घरातलं बोलतोय.

रेडफ्लॅग
दोघंही जरा दमाने घ्या. पिटवॉल, करमणूक कर २०१७ला जीएसटीत विरला. तरी २०२३ला त्याच ट्रॅकवर मोटोजीपी ही मोटरसायकलींची शर्यत आली आणि एकदाच झाली. व्हिसाचा घोळ, उकाड्यामुळे फेऱ्या कमी केलेल्या. हैदराबादची फॉर्म्युला ई, म्हणजे विजेवरच्या गाड्यांची शर्यत, तीसुद्धा एकाच वर्षाची. सरकार बदललं, नव्या सरकारने हात काढला. यात करमणूक कर कुठे आला? आपल्याकडे शर्यत एखाद्या नेत्याच्या किंवा बिल्डरच्या हौसेवर आणतात, क्लब आणि कार्टिंगच्या (छोट्या शर्यती गाड्यांच्या) पायावर नाही. कोल्हापूरची पोरं स्वतःच्या हिमतीवर कार्ट चालवतात, त्यांच्यासाठी त्या ४ कोटी डॉलरमधलं काय आलं?

पिटवॉल
कार्टिंगचं बरोबर आहे, इतकंच मान्य करतो. पण कराचं सोडणार नाही. फॉर्म्युला वनचं भारतातलं उत्पन्न करपात्र आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ला ठरवलं. त्यानंतर कोण येणार इथे?

हिशेबनीस
त्या निकालाला दोष देण्याआधी त्यात काय म्हटलंय ते बघा. शर्यतीच्या दिवसांत ट्रॅकवर ताबा फॉर्म्युला वनचा, मोक्याचे हक्क त्यांचे, म्हणून तो ट्रॅक म्हणजे त्यांचं इथलं धंद्याचं ठाणंच आहे, हे कोर्टाने धरलं. कमाई इथे, तर कर इथे का नको? आणि शेवटची शर्यत ऑक्टोबर २०१३ची. निकाल साडेतीन वर्षांनी आला.

पिटवॉल
निकाल उशिरा आला, भांडण आधीपासून चालू होतं. तरी ठीक आहे, जेपीचं कर्ज हे मोठं कारण होतं, लिहून ठेवा. जमिनीबद्दल मात्र मी काही बोलणार नाही.

बांधावरचा
का नाही? पुन्हा ग्रांप्री आणायची भाषा सुरू झाली की पहिला प्रश्न मी तोच विचारणार.