स्विचचं 'ॲडमिन' खातं पाच जणांत एकच: चालेल का?

सियागंजकर: पीथमपूरच्या कारखान्यात आमच्याकडे 14 नेटवर्क स्विच (यंत्रं आणि पीसी एकमेकांना जोडणारे डबे) आहेत आणि 'ॲडमिन' हे एकच खातं आम्ही पाच जण वापरतो. गेल्या पावसाळ्यात एका रात्री कुणीतरी ट्रंक पोर्टवरून (दोन स्विच जोडणाऱ्या पोर्टवरून) एक व्हीलॅन, म्हणजे नेटवर्कचा एक वेगळा भाग, काढून टाकलं. पॅकिंग लाइन दोन तास बंद. सकाळी मी पोचेपर्यंत कुणीतरी स्विच बंद-चालू करून पाहिला होता. लॉग, म्हणजे काय काय झालं त्याची नोंद, त्याच्याच मेमरीत होता, तो पुसला गेला. बोलणी खाल्ली सगळ्यात नव्या पोराने. त्याने ते केलं नव्हतं असं मला आजही वाटतं, पण दाखवायला काही नाही. म्हणून माझं म्हणणं: ज्याचं त्याचं वेगळं खातं, आणि लॉग स्विचबाहेर, सिसलॉग सर्व्हरवर, म्हणजे लॉग गोळा करणाऱ्या वेगळ्या कॉम्प्युटरवर.

रामबागवाला: मला नाही पटत. वेगळ्या खात्यांसाठी टॅकॅक्स सर्व्हर (सगळ्या स्विचचं लॉगिन एकाच जागी तपासणारा) बसवाल आणि तोच रात्री बसला तर? माझ्यावर ही वेळ आली आहे. एकाही स्विचमध्ये लोकल खातं ठेवलेलं नव्हतं. कन्सोल केबल लावून पासवर्ड रिकव्हरी करता करता उजाडलं. माणसं विश्वासाची असली की एक पासवर्ड पुरतो. कुणी नोकरी सोडली की बदलायचा.

सियागंजकर: 14 ठिकाणी हाताने बदलावा लागतो म्हणून आमच्याकडे तो तीन वर्षं बदललेला नाही, आणि तेवढ्यात दोघं सोडून गेले. तुमची ती रात्र एका शब्दाने वाचली असती. लॉगिनच्या ओळीत टॅकॅक्सच्या पुढे 'लोकल' लिहायचं. सर्व्हरने उत्तरच दिलं नाही, तरच स्विच लोकल खातं विचारतो. त्या खात्याचा पासवर्ड पाकिटात घालून मॅनेजरच्या कपाटात.

देवास नाका: खात्यांचं ठीक, पण नुसता सिसलॉग सर्व्हर लावून भागत नाही. आमच्याकडे एनटीपी (स्विचचं घड्याळ जुळवणारी सोय) नव्हतं. स्विच चालू झाला की लॉगवर तारीख 1 मार्च 1993! त्यावरून रात्री कोण आलं होतं हे काय कळणार? दुसरं म्हणजे लॉगमधल्या निरोपांची पातळी. 0 सगळ्यात गंभीर, 7 म्हणजे डीबग, सगळ्यात किरकोळ. गर्दी नको म्हणून बरेच जण 4 पर्यंतच पाठवतात. पण सिस्को कंपनीच्या स्विचमध्ये 'कॉन्फिगरेशन कुणी बदललं' हा निरोप 5 वर येतो, म्हणजे हवी तीच ओळ गळते. शिवाय सिसलॉग ज्या पद्धतीने जातो ते 514 पोर्टचं युडीपी पोच देत नाही, निरोप वाटेत हरवला तर पत्ताही लागत नाही.

रामबागवाला: लॉग बाहेर पाठवा, त्याला माझी ना नाही. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांप्रमाणे ते 180 दिवस ठेवायचेच आहेत. पण 14 स्विचसाठी टॅकॅक्स म्हणजे डोईजड खर्च. मालक देणार नाही.

सियागंजकर: लिनक्सवर फुकट चालतो, जुना डेस्कटॉप पुरे. आणि एक सांगतो, सगळे 'ॲडमिन' म्हणूनच शिरणार असतील, तर 5 ची ती ओळही 'ॲडमिनने बदललं' एवढंच म्हणेल. फार तर आयपी, म्हणजे कुठल्या पीसीवरून ते झालं, एवढं दिसेल, आणि कंट्रोल रूमचा तो पीसी आम्ही पाचही जण वापरतो. त्या पोराचं नाव त्यातून सुटलं नसतं.