नव्या जिनिंगच्या पावसाच्या पाण्याला वाट कुठून द्यायची?

धुऱ्यावरचा (धागाकर्ता)
यवतमाळ जिल्ह्यातलं आमचं गाव. डांबरी रस्त्याला लागून पाच एकरांत जिनिंग-प्रेसिंग (कापसातून सरकी काढून गाठी बांधायचा कारखाना) उभं राहतंय. जमीन एनए (बिगरशेती) झाली, मुरमाचे टिप्पर पडताहेत. कारखान्याला माझा विरोध नाही, हे आधीच सांगून ठेवतो. कापूस घेऊन लांब जायची हौस कुणाला आहे? पण ग्रामपंचायतीत नकाशा पाहिला. शेड, वजनकाटा, सरकीचं गोदाम, चारी बाजूंनी नाली. ही नाली खालच्या कोपऱ्यात कुंपणापाशी येते आणि रेघ संपते. त्या रेघेच्या पुढे माझा धुरा, म्हणजे वावराचा बांध आहे.
माझं मत: नाली नाल्यापर्यंत नेईपर्यंत शेडचा एक खांब उभा राहू देऊ नये.

साइटवरचा माणूस
भाऊ, कारखाना नव्हता तेव्हाही ते पाणी तुमच्याच वावरात यायचं. उतारच तिकडे आहे. ऑगस्टात काळी जमीन एकदा फुगली की पाणी पीत नाही, तिच्यावरूनही बरंचसं वाहूनच जातं. नाला तिथून दीडशे मीटर. मध्ये दोघांची वावरं. त्यांच्या सह्या कोण आणणार, मालक की तुम्ही? गावात चार पैसे येतात म्हटलं की पाण्याचं निमित्त निघतं, हे मी खूप साइटवर पाहिलंय.

धुऱ्यावरचा
ऑगस्टचं कबूल. जूनचं काय? भेगाळलेली जमीन पहिले दोन-तीन पाऊस गिळून टाकते. पत्रा काय गिळणार? पत्रा आणि काँक्रीट मिळून एक हेक्टर धरा. तासाभरात 50 मिलिमीटर पडला तर 500 घनमीटर, म्हणजे 5 लाख लिटर, सेकंदाला जवळपास 139 लिटर. एवढा पाऊस कुठं पडतो म्हणू नका. 23 सप्टेंबर 2023 ला नागपुरात काही तासांत 100 मिलिमीटरहून जास्त पडला आणि अंबाझरी तलाव ओसंडला.
आणि प्रश्न नुसता किती पाण्याचा नाहीच. आधी ते सगळ्या धुऱ्यावरून पसरून यायचं, आता दोन फुटांच्या तोंडातून येईल. मागच्या पावसाळ्यात पलीकडच्या एका गोदामाच्या (नाव घेत नाही) नालीसमोर माझ्या साडूच्या तुरीत गुडघाभर खोल घळ पडली. काठावरच्या तुरीची मुळं उघडी लोंबत होती आणि खाली तुरीच्या ओळींवर मुरूम पसरलेला. तेवढा पट्टा अजून पडीक आहे.

वऱ्हाडी गडी
उलटं बी होते बाप्पा. माह्या सासुरवाडीत एका कारखान्यानं वरच्या अंगाले भिंत घातली, दोन फूट भराव केला, आन वरच्या वावरातलं पाणी तटलं. पऱ्हाटी (कापसाची झाडं) आठ दिवस पाण्यात. पिवळी पडली न वाळली. मंग मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 च्या कलम 5 खाली तहसीलदाराकडे दावा टाकला. सहा महिन्यांच्या आत टाका लागते, हे ध्यानात ठेवा. साहेब मोक्यावर आले न भिंतीले मोऱ्या पाडाले लावल्या.

साइटवरचा माणूस
ते कलम अडवलेलं पाणी मोकळं करायला आहे. इथं कुणी पाणी अडवत नाहीये, सोडतंय.

कोरडवाहू
एवढं कशाला? आतच चार शोषखड्डे करा, विषय संपला.

धुऱ्यावरचा
काळ्या मातीतला शोषखड्डा म्हणजे पावसाळाभर भरलेला हौद. खाली मुरूम लागेपर्यंत खोदलं तर थोडंफार जिरेल. आणि शेडजवळ जिरवलं तर माती फुगून मालकाच्याच भिंती तडकतील.

माहेर वर्ध्याचं
कुणी तळ्याचं बोलत का नाही? 30 बाय 30 बाय 3 मीटरचं शेततळं, बाजूंना 1:1 उतार, म्हणजे 2196 घनमीटर पाणी. जागा पाव एकराहून कमी. एका दिवसात 100 मिलिमीटर पडला तरी त्या एक हेक्टरचे जास्तीत जास्त 1000 घनमीटर होतात. आणि कापसाला आग लागली की पाणी लागणारच आहे.

साइटवरचा माणूस
ताई, आगीसाठी तळं भरलेलं हवं आणि पावसासाठी रिकामं. दोन्ही कसं जमवायचं?

माहेर वर्ध्याचं
खालचं अर्धं आगीला राखा. त्या पातळीवर सहा इंची पाइप टाका, वरचं पाणी दोन दिवस हळूहळू गेलं तर कुणाचं बिघडत नाही. तळ्याआधी गाळाचा हौद हवा, आणि जाळी रोज झाडायला माणूस. माझ्या भावाच्या जिनिंगमध्ये पहिल्याच सरीत जाळीवर रुईची ओली गादी झाली होती. हातानं सोलून काढावी लागली. पाणी सगळं सरकीच्या ढिगाखाली.

साइटवरचा माणूस
तळ्याचं मालकाला सांगून पाहतो. पण ट्रकला वळायला जागा उरली पाहिजे. आणि पाइपचं पाणीही शेवटी नाल्यातच न्यायचं ना? त्या दोघांच्या सह्या धागाकर्त्यांनी आणाव्यात, गाववाले आहेत. शिवाय रस्त्याची मोरी तुंबलेली असेल तर आमच्या नालीचा काय उपयोग?

धुऱ्यावरचा
सह्यांचं बोलतो, एक तर चुलतभाऊच आहे. मोरी आत्ताच पाहून आलो. दोन फुटी नळा, त्यात फूटभर गाळ, आणि तोंडाशी कुणीतरी पऱ्हाट्यांची गंजी रचलीय. फोटो टाकलाय.

वऱ्हाडी गडी
फोटो पायला. गंजी आमचीच होय. रविवारी बंडी घेऊन येतो.