मदत हवी आहे: वाढ खुंटलेलं बाळ, साखर सारखी उतरतेय. इन्शुलिन-कीटोन तपासून घ्यावं का?

नमस्कार. माझ्या बहिणीचं दुसरं बाळ एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) आहे. ३७ आठवडे भरले होते, पण वजन १.८ किलो. वारेतून रक्तपुरवठा कमी पडत होता. बाळाचं शरीर मेंदूकडे जास्त रक्त वळवतंय, असं शेवटच्या डॉपलरनंतर (रक्तप्रवाह बघणारी सोनोग्राफी) डॉक्टर म्हणाले होते. बाळाला बघितलं की ते कळतंच. डोकं छान भरलेलं, मांड्यांची कातडी मात्र सैल, सुरकुतलेली.

थोरलीच्या वेळी (ती ३ किलोची होती) सुरुवातीला चिकावरच भागलं, दूध नंतर उतरलं. तेव्हा साखर कुणी बघितलीही नाही. आता दर वेळी पाजण्याआधी टाच टोचतात. साखर ३८ (mg/dL) आल्यावर १० टक्के डेक्स्ट्रोजचं सलाईन लावलं. ते कमी करायला घेतलं की साखर पुन्हा उतरते. दुसरा आठवडा लागला तरी तेच.

डॉक्टरांनी नीट समजावलं. मोठ्या माणसाचा मेंदू शरीराच्या विश्रांतीतल्या ऊर्जेपैकी २० टक्के वापरतो, नवजात बाळाचा निम्म्याच्या आसपास. चांगल्या वाढलेल्या बाळाच्या यकृतात ग्लायकोजेन (साखरेचा साठा) असतं, अंगावर चरबी असते. साखर उतरली की चरबीपासून कीटोन तयार होतात आणि मेंदू ते वापरतो, लॅक्टेटसुद्धा वापरतो. आमच्या बाळाचा मेंदू नवजात बाळाच्या मानाने जवळपास पूर्ण वाढलेला, पण यकृत लहान आणि चरबी नाहीच. म्हणजे दोन बाळांची साखर ३८ असली तरी दोघांच्या मेंदूला मिळणारं इंधन सारखं नाही. हे पटलं, म्हणूनच जीव जास्त टांगणीला लागलाय.

अशा काही बाळांमध्ये इन्शुलिन काही आठवडे जास्त राहतं आणि ते साखरेबरोबर कीटोनही दाबून ठेवतं, असं वाचलं. मग साखर उतरलेली असतानाच रक्त घेऊन इन्शुलिन आणि कीटोन तपासा, असं उद्याच्या राउंडला विचारू का? जिल्ह्याच्या गावी हे होतं, की नमुना पुण्या-मुंबईला पाठवावा लागतो? कुणाच्या बाळाला डायझॉक्साइड (इन्शुलिन कमी करणारं औषध) दिलं होतं का? किती दिवस चाललं, सूज वगैरे आली का?

आणखी एक. बाळ बोंडल्याने चांगलं पितं. घरी सोडण्याआधी दोन पाजण्यांमध्ये किती तास साखर टिकलेली बघतात? घरी रात्री उठवून पाजावंच लागेल ना?

इथल्या बालरोगतज्ज्ञांनी, एनआयसीयूतल्या सिस्टरांनी आणि यातून गेलेल्या आईवडिलांनी कृपया लिहा. उपचार तिथले डॉक्टरच ठरवतील. त्यांना काय काय विचारायचं, तेवढं सांगा.