परदेशातल्या युद्धावरच्या टीव्ही चर्चा: समतोल म्हणजे नेमकं काय?

चक्कीवाला, ता. दारव्हा (यवतमाळ)

राम राम मंडळी. माझी गावात पिठाची चक्की आहे. दळण टाकून माणसं अर्धा-पाऊण तास बसतात, म्हणून कोपऱ्यात टीव्ही लावला. आता त्याच टीव्हीनं जीव टांगणीला लावलाय.

13 जून 2025 ला इस्रायलनं इराणवर हल्ला केला, त्या आठवड्यातली गोष्ट. पेरणीचे दिवस, डीएपी खतासाठी माणसं दुकानोदुकानी फिरत होती. संध्याकाळी चर्चा लागली. पडद्यावर सहा चौकटी: एक निवृत्त अधिकारी, दोन पक्षांचे प्रवक्ते, बाकीचे विश्लेषक. मागं सायरन सुरू. इराणला लागून असलेल्या होर्मुझच्या सामुद्रधुनीतून जगातलं जवळपास पाचव्या हिश्श्याचं तेल जातं, ती बंद पडली तर आपल्या ट्रॅक्टरच्या डिझेलचं काय, हे एकानंही नकाशावर बोट ठेवून सांगितलं नाही. कोण कोणाला चिरडणार, एवढंच.

चक्कीत दोघं त्यावरून भांडले. एक इराणचा, एक इस्रायलचा; दोघांचीही वावरं एकाच धुऱ्यावर. आणि तिसऱ्यानं, तिथं बसलेल्या आमच्या चाचांकडे पाहून म्हटलं, "यायले विचारा, यायचेच लोक हायेत तिकडं." चाचा चाळीस वर्षांपासून, माझ्या वडिलांच्या काळापासून दळण आणतात. काही बोलले नाहीत. ज्वारी अर्धीच दळून झाली होती. तेवढं पीठ डब्यात घेतलं, सायकलला लटकवलं नि गेले. उरलेली ज्वारी माझ्याकडेच पडून आहे.

24 तारखेला तिकडे युद्धबंदी झाली. चाचा अजून आले नाहीत.

मला विचारायचं हे, की अशा चर्चेत समतोल म्हणजे काय असावा? दोन्ही बाजूंचा एकेक माणूस असतोच की. तरी असं काऊन होते?

माजी सैनिक, वर्धा

भाऊ, मी दक्षिण लेबनॉनमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत होतो. आपली पलटण तिथं 1998 पासून आहे. एका बाजूला इस्रायल, दुसऱ्या बाजूला लेबनॉनची गावं, मधात आमची चौकी. अहवाल लिहिताना आमच्या साहेबांचा एकच हट्ट असे: डोळ्यानं पाह्यलं ते वेगळं लिहा, कानावर आलं ते वेगळं लिहा, अन् तुम्हाले काय वाटते ते लिहूच नका. टीव्हीवर हे तिन्ही एकाच दमात बोलतात. माझ्यासारखा फौजी रणगाडा, क्षेपणास्त्र सांगू शकतो. पण त्या गावातल्या जैतुनाच्या बागेचं काय झालं, हे तिथं राहिलेला माणूसच सांगेल. त्याले कोणी बोलावत नाही.

एक आई, ता. वरुड (अमरावती)

माझा मुलगा 2022 मध्ये युक्रेनमधल्या खार्किवला एमबीबीएसला होता. 24 फेब्रुवारीला रशियानं हल्ला केला, तेव्हापासून मेट्रो स्टेशनात, जमिनीखाली. आमच्या घरी रात्रभर टीव्ही सुरू. एक तज्ज्ञ म्हणाले, खार्किव दोन दिवसांत पडेल. सासूबाईंनी ताट बाजूला सारलं ते दोन दिवस हात लावला नाही. खार्किव आजवर पडलेलं नाही. ते साहेब मात्र पुढच्याच आठवड्यात दुसऱ्या शहराबद्दल तितक्याच खात्रीनं बोलत होते. 2 मार्चला दूतावासानं मुलांना सांगितलं, लगेच शहर सोडा, गाडी मिळत नसेल तर पायी पिसोचिनकडे निघा. हे आम्हाला मुलाच्या फोनवरून कळलं. त्या वेळी आमचं चॅनल तिसरं महायुद्ध कधी पेटणार यावर चर्चा करत होतं. भाऊ, मला दोन बाजू नको होत्या. पिसोचिन कुठं आहे, तेवढं हवं होतं.

मास्तर, ता. काटोल (नागपूर)

तराजूच्या दोन्ही पारड्यांत खडेच टाकले तर काटा बरोबर मधात राहील, पण घरी न्यायला दाणा मिळणार नाही. या चर्चांचं तसंच झालंय.

त्याच 2022 च्या मार्चमध्ये काळ्या समुद्रातून येणारं सूर्यफुलाचं तेल अडलं. आपल्या सोयाबीनचा भाव सात हजारांवर गेला, त्यात त्याचाही हात होता. शेतकरी खूश, घरात तेलाचा पिपा महाग. इतकी जवळची गोष्ट, पण त्या चौकटींमध्ये शेतीमालाचा जाणकार मी तरी पाहिला नाही.

तक्रार करता येते. 23 एप्रिल 2022 ला केंद्राच्या माहिती व प्रसारण खात्यानं युक्रेन युद्धाच्या भडक मथळ्यांवरून सगळ्या खासगी चॅनलांना लेखी समज दिली होती. तुम्ही कार्यक्रमानंतर सात दिवसांत आधी चॅनललाच लिहा. उत्तर पटलं नाही तर न्यूज ब्रॉडकास्टिंग अँड डिजिटल स्टँडर्ड्स अथॉरिटीकडे जा; बातम्यांच्या चॅनलांच्या संघटनेनंच तक्रारी ऐकायला ती नेमलेली आहे. चॅनल त्या संघटनेचं सदस्य आहे का, ते तेवढं आधी पाहा.

चक्कीवाला, ता. दारव्हा

मास्तर, सात दिवस तर निघून गेले. पुढच्या वेळी तारीख-वेळ लिहून ठेवतो. ताई, तुमचं वाचून बायकोनं चॅनल बदललं. आता बाजारभाव नि हवामान.

फौजी भाऊ, तुमचं पाह्यलेलं-ऐकलेलं डोक्यातून जात नाही. त्या दिवशी टीव्हीवर काय झालं ते मी ऐकलं. चक्कीत काय झालं ते मात्र डोळ्यानं पाह्यलं, अन् तोंड उघडलं नाही. आज लाईन आल्यावर चाचांची ज्वारी दळली. पीठ अजून कोमट आहे. सायकल काढतो.