हॉस्पिटलचा गाऊन मागून उघडा का? आईसाठी घरी शिवला तर चालेल का?

डिचोलीची_लेक
नमस्कार मंडळी. दोन महिन्यांपूर्वी आईचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. आई 71 वर्षांची, जन्मभर पदर खांद्यावरून ढळू दिला नाही तिने, आणि तिला सकाळी हिरवा गाऊन दिला, मागे दोनच नाड्या त्यातली एक तुटलेली, तसंच ऑपरेशन थिएटरच्या (ओटीच्या) बाहेर पाऊण तास स्ट्रेचरवर. नंतर बाथरूमला जाताना एका हातात सलाईनचा स्टँड आणि दुसऱ्या हाताने मागचं कापड धरून चालायची, ते बघून मला रडू आलं. आता दुसऱ्या बाजूचं करायचंय तर नकोच म्हणते, दुखण्याला नाही घाबरत, त्या गाऊनला घाबरते. मागून उघडा का ठेवतात? म्हापशाला कापड घेऊन मी शिवला तर घालू देतील का?

फोंड्याची_सिस्टर
बाय, मी 26 वर्षं वॉर्डात काढली, तुझ्या आईसारख्या कितीतरी बायका पाहिल्यात. मागून उघडा असतो कारण झोपलेल्या पेशंटला न उठवता तो काढता-घालता येतो, कमरेत भूल देताना पाठ मोकळी लागते, बेडपॅन द्यायला सोपं पडतं, आणि अचानक काही झालं तर छातीवर ईसीजीच्या पट्ट्या लावायला पुढून झटकन ओढून काढता येतो. म्हणजे कारण खरं आहे, पण तेवढ्यासाठी चालत्याफिरत्या माणसाला उघडं ठेवायची काही गरज नाही!! ओटीत त्यांचाच धुतलेला गाऊन लागेल, तिथे हट्ट करू नको. पण वॉर्डात सिस्टरला सांगून दुसरा गाऊन माग आणि तो उलटा, कोटासारखा पुढून उघडा, वरून घाल. पाठ पूर्ण झाकते. आणि स्ट्रेचरवर चादर मागायची, लाजायचं नाही.

साखळी_टेलर्स
ताई, वॉर्डासाठी शिवायचा तर लहान बाळाचं झबलं डोळ्यासमोर आणा. मागचे दोन्ही पल्ले एकमेकांवर वीतभर चढतील एवढं कापड जास्त धरायचं, आणि नाडी मागे नको, कुशीला आणून बांधायची म्हणजे आईला स्वतःला बांधता येईल. खांद्यापासून बाहीपर्यंत शिवण न घालता टिचबटणं लावा, सलाईन चालू असताना बाही उघडते, नळी काढावी लागत नाही. बटणं प्लास्टिकचीच घ्या, एमआरआयला धातू चालत नाही. कापड सुती, आधी भिजवून मगच बेता, नाहीतर आटतं. पावसाळ्यात इथे दोन दिवस वाळत नाही म्हणून तीन तरी शिवा.

पेडणेकर_२
परदेशातही हीच तक्रार आहे. अमेरिकेत क्लीव्हलँड क्लिनिकने 2010 मध्ये रॅप ड्रेससाठी (अंगाभोवती गुंडाळून कमरेला बांधायचा झगा) गाजलेल्या डायन फॉन फर्स्टेनबर्ग या डिझायनरकडून नवा गाऊन करून घेतला, तोही पल्ल्यावर पल्ला चढणारा. आपल्याकडे एवढं कोणी नाही केलं तरी नाड्या शाबूत आहेत का एवढं तरी बघावं ना गाऊन देण्याआधी.

डिचोलीची_लेक
सगळ्यांचे मनापासून आभार. झबल्यासारखा म्हटल्यावर आई लगेच म्हणाली "मग मीच बेतून देते", तिने आम्हा भावंडांची सगळी झबली हातानेच शिवली होती. शुक्रवारी बाजाराला जातेय. @साखळी_टेलर्स दादा, तीन गाऊनना कापड किती घेऊ? आईची उंची पाच फूट.